माउस अडला तर काय करावे?

मंडळी, आज गावोगावच्या कामात संगणक आला आहे. सातबाराचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे आता संगणकावर होतात. पाचोड हे पैठण तालुक्यातले, सोलापूर-धुळे हमरस्त्यावरचे मोठे गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे बाजाराला येतात, दवाखान्यात येतात, तशी कागदपत्रांच्या कामालाही येतात. अर्जाची शेवटची तारीख असते. रांग लागलेली असते. नेमका त्याच वेळी माउस अडतो. पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. मग उद्या या, असे ऐकावे लागते. एका दिवसाची मजुरी बुडते आणि तारीखही हुकते.

कधी याहून वाईट होते. माउस अडत नाही, पण चुकतो. बटण एकदा दाबले तर दोनदा दाबल्यासारखे होते. बाण एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उडतो. कपाशीच्या जागी तूर लिहिली जाते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. नुकसान झाले म्हणजे मग ही चूक नडते. म्हणून ही मुठीएवढी वस्तू आपण नीट ओळखून घेऊ.

माउस म्हणजे काय?

माउस म्हणजे उंदीर. वस्तू उंदराएवढी, आणि मागे शेपटीसारखी वायर. म्हणून हे नाव पडले. अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने १९६० नंतरच्या काळात ही युक्ती काढली. पहिला माउस लाकडी पेटीचा होता आणि खाली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी तो लोकांपुढे चालवून दाखवला.

आजच्या माउसला चाके नसतात. पोटाखाली एक बारीक दिवा असतो. बहुधा तो तांबडा दिसतो. दिव्याजवळ एक इवलासा डोळा असतो. तो खालच्या टेबलाची चित्रे एका सेकंदात हजारावर वेळा टिपतो. चित्र किती सरकले यावरून हात कुठे गेला हे त्याला कळते. म्हणूनच काचेवर किंवा चकचकीत टेबलावर साधा माउस गोंधळतो. तिथे टिपायला खूणच सापडत नाही.

माउसची वायर ज्या खाचेत बसते तिला यूएसबी म्हणतात. ही पद्धत १९९६ साली आली. ती घडवणाऱ्यांत अजय भट्ट हे बडोद्याला शिकलेले भारतीय अभियंता होते. साध्या माउसच्या वायरीत चार तारा असतात. दोन तारा ५ व्होल्टची वीज नेतात. दोन तारा निरोप नेतात. यातली एक जरी तार आतून तुटली, तरी माउस आडमुठा होतो.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाचा सगळा कारभार पाहणारी एक व्यवस्था असते. विंडोज ही अशी एक व्यवस्था आहे. लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंड देशातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तिचे वैशिष्ट्य असे की तिची आतली रचना सर्वांना खुली आहे. कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली याच पायावर बॉस नावाची व्यवस्था दिली. तिच्यात मराठीतही काम करता येते. केरळातील सरकारी शाळांत मुले अशाच खुल्या व्यवस्थेवर शिकतात. जुन्या संगणकावरही ती चालते, म्हणून थोड्या पैशात काम भागते.

मात्र माउस बिघडला की काही लोक लगेच लिनक्सला नावे ठेवतात. काही लोक संगणकच बदला म्हणतात. आधी दोष कुठे आहे ते पाहावे. मग बोलावे.

दोष कसा शोधावा?

विहिरीवरची मोटर बंद पडली तर शेतकरी काय करतो? लगेच नवी मोटर आणतो काय? नाही. आधी वीज आहे का ते पाहतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. एकामागून एक पाहत जातो. इथेही तसेच करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा होता ते कळत नाही.

पहिली गोष्ट. माउस उलटा करून पाहा. दिवा लागला आहे का? डोळ्यावर धूळ किंवा केस बसला आहे का? आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ घरभर होते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. दिव्याकडे टक लावून पाहू नका. माउसखाली साधा कागद ठेवून बघा.

दुसरी गोष्ट. वायर काढून पुन्हा नीट बसवा. मग दुसऱ्या खाचेत बसवा. एका खाचेच्या चार खाचा करणारी डबी लावलेली असेल तर ती काढा आणि माउस थेट संगणकाला जोडा. एकाच डबीवर पुष्कळ वस्तू लावल्या तर वीज कमी पडते.

तिसरी गोष्ट. माउस चालू असताना वायर माउसजवळ आणि टोकाजवळ हळूच वाकवा. दिवा लुकलुकला तर समजा, तार आतून तुटली आहे.

चौथी गोष्ट. हाच माउस शेजारच्या संगणकावर लावा. तिथेही अडला तर दोष माउसचा. तिथे नीट चालला तर दुसरा चांगला माउस आपल्या संगणकावर लावा. तोही अडला तर दोष खाचेचा किंवा व्यवस्थेचा.

एकदा दाबून दोनदा लागत असेल तर बहुधा बटणाखालची कळ झिजलेली असते. असा माउस अर्ज भरायला वापरू नये. साधा माउस काही शे रुपयांच्या आत मिळतो. चुकलेला अर्ज त्याहून महाग पडतो.

संगणकालाच विचारा

लिनक्समध्ये टर्मिनल नावाची खिडकी असते. तिथे हुकूम टाइप करून संगणकाला प्रश्न विचारता येतो. एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत सलग लिहा आणि एंटर दाबा. जोडलेल्या वस्तूंची यादी येते. एका वस्तूची एक ओळ. इंग्रजी येत नसले तरी ओळी मोजता येतात. आता माउस काढा आणि पुन्हा विचारा. एक ओळ कमी झाली पाहिजे. माउस लावला की ती परत आली पाहिजे. आली नाही तर संगणकाला माउस दिसतच नाही. मग वायर किंवा खाच पाहा.

दुसरा हुकूम डी, एम, ई, एस, जी या अक्षरांचा. काही संगणकांवर त्यासाठी चालकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. संगणक आपली रोजनिशी दाखवतो. शेवटच्या ओळी पाहा. तिथे डिस्कनेक्ट, म्हणजे संबंध तुटला, हा शब्द पुन्हा पुन्हा आला असेल तर बहुधा वायर, खाच किंवा वीज यांत दोष आहे. शाळेत जाणारी मुलगी शेजारी बसवून हा शब्द वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही.

झोपणारा माउस

एक दोष मात्र माउसचाही नसतो आणि वायरीचाही नसतो. काम करता करता आपण क्षणभर थांबतो. पुन्हा माउस हलवतो तर बाण हलत नाही. बटण दाबले की जागा होतो. असे दर वेळी झाले तर समजा, संगणक वीज वाचवण्यासाठी माउसला झोपवतो आहे. वीज वाचवणारा एखादा कार्यक्रम बसवलेला असला म्हणजे असे होते.

यावर उपाय आहे. जाणत्या चालकाला सांगावे की त्या कार्यक्रमाच्या ठरावात माउसला वगळा. तात्पुरते करायचे तर माउसच्या नोंदीत पॉवर नावाच्या कप्प्यात कंट्रोल नावाची नोंद असते. तिथे ऑटो असते, त्या जागी ऑन लिहितात. पण संगणक बंद करून चालू केला की ही नोंद पुसते. म्हणून कायमच्या ठरावातच बदल करून घ्यावा.

बिनतारी माउस असला तर आधी बॅटरी बदला. त्याचे छोटे बोंड निळ्या खाचेत बसवले असेल किंवा शेजारी पेन ड्राइव्ह लावला असेल तर काढून दूरच्या खाचेत बसवा. जलद खाचेच्या कामामुळे त्याच्या लहरींना अडथळा होतो.

माउसशिवाय काम

माउस मेला तरी काम थांबत नाही. टॅब नावाची कळ दाबली की अर्जातल्या एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाता येते. शिफ्ट धरून टॅब दाबली की मागे येता येते. यादीत वर-खाली जायला बाणांच्या कळा आहेत. चौकटीत खूण करायला लांब कळ दाबावी. बटण दाबायला एंटर. शेवटच्या तारखेला माउस अडला तर चालकाला एवढे सांगा, "भाऊ, टॅबने भरा ना." रांग परत पाठवावी लागणार नाही.

शेवटी एक महत्त्वाचे. माउस चांगला असो की वाईट, अर्ज पाठवण्याआधी पडदा आपल्याकडे वळवून घ्या. नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, बँक खात्याचा नंबर, एवढे स्वतः वाचा. बोट ठेवून सावकाश वाचा. मागे रांग असली तरी घाई करू नका. आपण अक्षरे शिकलो ती याच कामासाठी. वाचून झाले, सगळे बरोबर दिसले, की मगच म्हणा, "हं, आता पाठवा." आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका.

सांगा पाहू :
१. माउस काचेवर का गोंधळतो?
२. एका वेळी एकच गोष्ट का बदलावी?
३. यादीतील ओळी मोजून काय कळते?
४. अर्ज पाठवण्याआधी तुम्ही काय काय वाचाल?