फायरबर्ड काढायचा का? मीटिंगला जाण्याआधी

समजा, दिवेआगरला वीसेक खोल्यांचं एक लॉज आहे, किंवा श्रीवर्धनच्या बाजूला तीन-चार शाखांची एक पतसंस्था. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या कोण्या प्रोग्रामरने डेल्फीत लिहून दिलेलं सॉफ्टवेअर तिथे रोज चालतं. बुकिंग, बिलं, खातेदार, व्याज, सगळं त्यात. पोटात डेटाबेस आहे फायरबर्ड. इतकी वर्षं ते नाव कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग नवा मॅनेजर येतो, किंवा एखाद्या संचालकाचा मुलगा हिंजवडीत नोकरीला लागतो, आणि मासिक सभेत विषय निघतो: "अहो, हे फायरबर्ड काय प्रकरण आहे? दुसरं कोण वापरतं? सगळ्यांसारखं एसक्यूएल सर्व्हर का नाही?"

प्रश्न रास्त आहे. बिघडतं ते उत्तरात. सिस्टीम सांभाळणारा माणूस दुखावतो, "आमचं छान चाललंय" म्हणतो आणि तिथेच बाजी हरतो. आज चाललंय हे चेअरमनलाही दिसतं. त्याला काळजी असते उद्याची. म्हणून आधी हे वेगळं करावं की त्याच्या कोणत्या भीतीत दम नाही आणि कोणत्या भीतीत आहे. दुसऱ्या प्रकारची भीतीही आहे, ती झाकू नये.

"नाव ऐकलेलं नाही, म्हणजे टिकणार नाही"

नाव ऐकलेलं असणं आणि टिकणं यांचा संबंध किती, हे महाराष्ट्राला तरी कोणी शिकवायला नको. एके काळी फॉक्सप्रो येत नाही असा अकाउंटचा प्रोग्रामर मिळत नसे. कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांवर ते नाव ठळक असायचं. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये फॉक्स कंपनी विकत घेतली तेव्हा तर याहून भक्कम आधार कोणता, असंच कोणालाही वाटलं असतं. व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 ही 2004 ची आवृत्ती शेवटची ठरली. पुढची येणार नाही, हे 2007 मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी 2015 मध्ये उरलासुरला सपोर्टही संपला.

फायरबर्डचा प्रवास उलटा आहे. त्याचं मूळ इंटरबेसमध्ये. जिम स्टार्की या अमेरिकन अभियंत्याने 1980 च्या दशकाच्या मध्यावर तो सुरू केला. एकजण नोंद बदलत असताना दुसऱ्याला जुनी नोंद विनाअडथळा वाचता यावी म्हणून नोंदीच्या अनेक आवृत्त्या ठेवायच्या, ही पद्धत व्यापारी डेटाबेसमध्ये आणणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी तो एक. आज ओरॅकल, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल सगळे याच तत्त्वावर चालतात. बोर्लंड कंपनीने 2000 च्या जुलैमध्ये इंटरबेसचा सोर्स कोड खुला केला आणि त्यातून फायरबर्ड निघाला. 2002 मध्ये 1.0, 2016 मध्ये 3.0, 2021 मध्ये 4.0, जानेवारी 2024 मध्ये 5.0. कूर्मगती म्हणा हवं तर, पण गाडी थांबलेली नाही.

"कोण वापरतं?" याचं उत्तर देताना एक उदाहरण हाताशी ठेवावं. जगात सर्वाधिक ठिकाणी बसवलेला डेटाबेस बहुधा एसक्यूलाइट आहे. रिचर्ड हिप यांनी तो 2000 मध्ये लिहिला, आणि प्रश्न विचारणाऱ्या संचालकाच्या खिशातल्या फोनमध्येही तो आहे. व्हॉट्सअॅपचे निरोप तोच सांभाळतो. त्याचं नाव सभेत कोणीही ऐकलेलं नसेल.

"फुकटचं आहे, त्याला वाली कोण?"

फायरबर्डला लायसन्सचे पैसे पडत नाहीत, धंद्यासाठी वापरला तरीही. यावर आपल्याकडे लगेच शंका येते, कारण फुकट म्हटलं की कमअस्सल हे गणित डोक्यात पक्कं असतं. पण श्रीवर्धनला कोर्टाची तारीख पडली की ती ज्या ई-कोर्ट व्यवस्थेत दिसते, तिचं सीआयएस हे मूळ सॉफ्टवेअर केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या पुण्याच्या केंद्रात मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभं राहिलं. न्यायालयांमधले सर्व्हर उबुंटू लिनक्सवर आले ते याच प्रकल्पातून. सरकारी व्यवस्थांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं, असं केंद्र सरकारचं धोरण 2015 पासून लेखी आहे.

आता दुसऱ्या बाजूचं 'फुकट' पाहू. छोटी संस्था एसक्यूएल सर्व्हर घेते तेव्हा बहुतेकदा त्याची मोफत एक्सप्रेस आवृत्ती घेते. तिच्यात एका डेटाबेसला अनेक वर्षं 10 जीबीची मर्यादा होती. खातेदारांच्या सह्या आणि फोटो आत साठवायला लागलात की अशी मर्यादा गाठायला वेळ लागत नाही, आणि मग विकतचं लायसन्स घ्यायची वेळ येते. तोवर सगळा डेटा तिकडे गेलेला असतो. मॅनेजरपुढे हा पाच वर्षांचा खर्च मांडावा, फक्त पहिल्या वर्षाचा नव्हे.

कोड सगळ्यांना दिसतो म्हणून धोका वाढतो, ही समजूत तर इंटरबेसनेच मोडून काढली. आत कायमचा बसवलेला एक गुप्त पासवर्ड त्यात बंद कोडच्या काळात अनेक वर्षं होता आणि ग्राहकांना पत्ता नव्हता. कोड खुला झाला, लोकांनी वाचला, आणि जानेवारी 2001 पर्यंत हे बिंग जगजाहीर झालं.

"लाईट गेली की डेटा उडतो"

कोकणात ही शंका सगळ्यात खरी वाटते, म्हणून इथे थोडं थांबू.

फायरबर्ड डिस्कवर लिहिताना पानांचा क्रम सांभाळतो. ज्या नव्या पानाकडे बोट दाखवायचं ते आधी लिहायचं, बोट नंतर. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी डिस्कवर उरतं ते सुसंगत असतं. अर्धवट व्यवहाराच्या नोंदी पक्क्या झालेल्याच नसतात. त्या कचरा म्हणून पडून राहतात आणि पुढे साफ होतात. पुन्हा चालू केल्यावर लांबलचक दुरुस्ती लागत नाही, फाईल लगेच उघडते. वारंवार लाईट जाणाऱ्या गावात हा गुण फार मोलाचा आहे आणि सभेत तो सांगायलाच हवा.

पण त्याला एक अट आहे. 'फोर्स्ड राइट्स' नावाची सेटिंग चालू हवी. ती बंद केली की प्रोग्राम वेगाने पळाल्यासारखा वाटतो, म्हणून कोणीतरी कधीतरी ती बंद करून ठेवलेली असू शकते. मग लिहिण्याचा क्रम विंडोजच्या मर्जीवर जातो आणि वर सांगितलेली हमी संपते. फायरबर्डची बाजू मांडायला जाण्याआधी ही सेटिंग स्वतः पाहून घ्या.

वीज जाणं वेगळं आणि वादळ वेगळं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरं उडाली, वीज आणि मोबाईल दोन्ही लांबले. अशा वेळी कोणत्या कंपनीचा डेटाबेस आहे याला काडीची किंमत नसते. छप्पर उडालेल्या खोलीत सर्व्हर भिजला आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात असली, तर ओरॅकलवालाही तितकाच बुडतो. "मग क्लाऊडवर टाकू" या सूचनेलाही याच तारखेचं उत्तर आहे: रेंज नसलेल्या आठवड्यात काउंटरवरचं काम कसं चालेल? मला विचाराल तर चालता डेटाबेस गावात आणि बॅकअपची प्रत रोज रात्री गावाबाहेर, ही विभागणी या किनाऱ्याला जास्त मानवते.

"बॅकअप रोज होतो"

हा गैरसमज मात्र मॅनेजरचा नाही, आपला आहे. फायरबर्डचा सगळा डेटा एका फाईलमध्ये असतो, आणि ही सोय इथे घात करते. सर्व्हर चालू असताना ती एफडीबी फाईल उचलून पेन ड्राइव्हवर टाकली म्हणजे बॅकअप झाला, असं मानणारे पुष्कळ आहेत. कॉपी चालू असताना आत नोंदी बदलत असतात. त्यामुळे पहिलं पान एका क्षणाचं आणि शेवटचं दुसऱ्या क्षणाचं अशी प्रत तयार होऊ शकते. ती कधी उघडते, कधी उघडत नाही. बॅकअपसाठी जीबॅक हे साधन फायरबर्डसोबतच येतं आणि लोक काम करत असतानाही ते सुसंगत बॅकअप घेतं. तोही दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहिला नसेल, तर बॅकअप आहे असं सभेत छातीठोक सांगू नये.

पासवर्डचंही तसंच. 2.5 पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये विंडोजवर मुख्य वापरकर्त्याचा ठरलेला पासवर्ड 'मास्टरकी' असे आणि पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं मोजली जात. तो आजही तसाच असेल, तर मॅनेजरला जी भीती वाटते ती खरीच आहे.

"नवीन डेटाबेस घेतला की मराठीचा घोळ मिटेल"

मिटत नाही. खातेदारांची नावं पडद्यावर मराठीत दिसतात, पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती बहुधा युनिकोडमध्ये नसतात. श्रीलिपी किंवा तशाच एखाद्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत ती साठवलेली असतात. तो फॉन्ट काढला की नावाच्या जागी इंग्रजी चिन्हांचा चिवडा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेलात तरी चिवडाच जाईल. उलट, फायरबर्डमध्ये यूटीएफ-8 ची सोय 2.0 पासून, म्हणजे 2006 पासून आहे. खरं काम रूपांतराचं: प्रत्येक नाव युनिकोडमध्ये आणायचं आणि जोडाक्षरं माणसाने डोळ्यांनी तपासायची. ते डेटाबेस न बदलताही करता येतं, आणि बदलायचा असला तरी टळत नाही. दिवेआगरच्या ताम्रपटावरची शके 982 ची, म्हणजे इ.स. 1060 ची मराठी आजही लिपी जाणणाऱ्याला वाचता येते. 2008 सालची खातेदारांची यादी मात्र फॉन्टच्या सीडीवाचून वाचता येत नाही, ही गंमत कुठल्याही सभेत सांगण्याजोगी आहे.

ऑडिटरचा मुद्दा त्यामानाने लहान. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, हा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तो कंपन्यांसाठी आहे, सहकारी संस्थांसाठी नाही, आणि त्यात कोणत्याही डेटाबेसचं नाव नाही. तशी नोंद फायरबर्डमध्ये ट्रिगर, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड, लिहून ठेवता येते. तुमच्या प्रोग्राममध्ये ती ठेवली आहे का, एवढंच पाहायचं.

"उद्या माणूस मिळणार नाही"

हे अर्धं खरं आहे, आणि खरं आहे तेवढं आधी कबूल करावं. फायरबर्ड जाणणारे एसक्यूएल सर्व्हर जाणणाऱ्यांपेक्षा कमीच. पण क्वेरीची भाषा तीच, त्यामुळे चांगल्या माणसाला रुळायला फार दिवस लागत नाहीत. आणि एसक्यूएल सर्व्हरचा जाणकार तरी श्रीवर्धनच्या नाक्यावर कुठे उभा आहे? दोघंही पुण्याहून किंवा मुंबईहूनच येणार, किंवा फोनवर भेटणार.

खरी टंचाई तिसऱ्याच माणसाची असते. व्याजाची रीत, हंगामातले दर, ॲडव्हान्स परत देण्याचा नियम हे सगळं ज्याने प्रोग्राममध्ये बसवलं तो. तो एकटाच असेल, त्याच्या सोर्स कोडची प्रत संस्थेकडे नसेल, तर डेटाबेस कोणताही असो, संस्था टांगणीलाच लागलेली आहे. मॅनेजरची भीती या जागी वळवून द्यावी: करार करून सोर्स कोड मिळवणं, टेबलांची माहिती लिहून घेणं आणि सगळा डेटा साध्या सीएसव्ही फाईलमध्ये बाहेर काढून दाखवणं. डेटा हवा तेव्हा बाहेर निघतो हे एकदा दिसलं की "अडकलो आहोत" ही भावना बरीच ओसरते.

काही ठिकाणी मात्र फायरबर्ड सोडणंच शहाणपणाचं. प्रोग्रामर गेला, सोर्स कोड नाही आणि धंद्याचे नियम बदललेत, तर नवं सॉफ्टवेअर घ्या आणि त्याच्यासोबत येईल तो डेटाबेस. तिथे जुन्यासाठी भांडणं हा निव्वळ हट्ट.

बाकीच्यांनी सभेत आवृत्तीचा आकडा लपवू नये. 2.5 ची मालिका 2019 मध्ये बंद झाली, आणि तिच्यावर बसून फायरबर्डची वकिली करणं अवघड आहे. म्हणून "ठेवा" एवढंच न म्हणता "ठेवा आणि 5.0 वर नेऊ" असा प्रस्ताव ठेवावा. फाईल थेट उघडत नाही. जुन्या आवृत्तीच्या जीबॅकने बॅकअप घेऊन नव्यात रिस्टोअर करावा लागतो. नव्या पासवर्ड-पद्धतीमुळे जुना प्रोग्राम जोडायला नकार देतो, तेव्हा क्लायंटची डीएलएल बदलावी लागते किंवा जुनी पद्धत मुद्दाम चालू ठेवावी लागते. हे आधी दुसऱ्या मशीनवर, खऱ्या डेटाच्या प्रतीवर करून पाहायचं. लॉजवाल्यांनी प्रत्यक्ष बदल पावसाळ्यात करू नये, विजेचा भरवसा नसतो. गणपती उरकल्यावर आणि दिवाळीच्या गर्दीआधी मधले काही आठवडे मिळतात. त्यातला आडवारचा एक दिवस मॅनेजरकडून सभेतच लिहून घ्यावा.