आपलेंच रक्त आपल्याला

बार्शीहून एखादा रोगी मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं सोलापुरास किंवा पुण्यास न्यावयाचा ठरला, म्हणजे घरच्या मंडळींपुढें पैशाइतकीच दुसरी चिंता उभी राहते, ती रक्ताची. आतेभाऊ-मामेभावांपासून शेजारच्या कॉलेजांतील मुलांपर्यंत सर्वांस रक्तगट विचारला जातो. इकडे शस्त्रक्रियेंत रोग्याचें स्वतःचें रक्त मात्र नळीनें शोषून टाकून दिलें जातें. तें त्यालाच परत देतां येणार नाहीं काय? हा प्रश्न आम्हांस भोळा वाटत नाहीं.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य आचार्य हार्वे कुशिंग यांनीं लॉयल डेव्हिस या तरुण सहकाऱ्यासह १९२५ सालीं अमेरिकेंत एक निबंध प्रसिद्ध केला. कवटी उघडल्यावर वाहिलेलें रक्त गोळा करून त्याच रोग्यास दिल्याचे अनुभव त्यांत नमूद आहेत. त्या काळीं आजच्यासारख्या रक्तपेढ्या नव्हत्या. दाता आयत्या वेळीं शोधावा लागे. पुढें पेढ्या निघाल्या व ही कल्पना मागें पडली. १९७० नंतर रक्त धुणारीं यंत्रें आलीं, तेव्हां ती पुन्हां पुढें आली.

'धुणें' हा शब्द वाचून आमच्या भगिनींस हंसूं येईल, परंतु तो अक्षरशः खरा आहे. शोषलेलें रक्त गोठूं नये म्हणून त्यांत औषध मिसळतात. गाळणींत हाडाचा चुरा व गुठळ्या अडकतात. मग दुधाच्या यंत्रांत साय वेगळी काढावी, तसें रक्त अतिवेगानें फिरवितात. जड तांबड्या पेशी कडेस बसतात व हलका भाग बाहेर पडतो. त्या पेशी मिठाच्या पाण्यानें धुवून शिरेवाटे परत देतात. मात्र रक्त गोठविणारे घटक या धुण्यांत वाहून जातात. स्राव फार झाल्यास ते दात्यांकडूनच घ्यावे लागतात.

खरी अडचण निराळीच आहे. गांठ कर्करोगाची असेल, तर शोषलेल्या रक्तांत रोगपेशी येण्याची भीति असते, आणि त्या नुसत्या धुण्यानें जात नाहींत. विशेष गाळणीनें त्या पुष्कळ कमी होतात, तरी अनेक शस्त्रवैद्य हा मार्ग टाळतात. आमच्या मतें तें योग्यच. बार्शीकरांस या रोगाची ओळख करून द्यावयास नको. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल गांवांतच आहे, आणि भारतांतील ग्रामीण कर्करोग्यांची पहिली नोंदणी १९८७ सालीं येथेंच सुरू झाली. जखमेंत पू असला तरीही हें रक्त वर्ज्य. उलट मेंदूच्या आवरणाची गांठ बहुधा कर्करोगाची नसते, पण कधीं कधीं रक्तानें तुडुंब असते. तेथें यंत्राचा खरा उपयोग.

एका वर्गास तर तें संजीवनीच ठरेल. १९५२ सालीं डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनीं मुंबईंत जो दुर्मिळ 'बॉम्बे' रक्तगट शोधून काढला, त्याच्या माणसास ओ गटाचेंही रक्त चालत नाहीं. दाता मिळालाच तर बहुधा भावंडांत.

यंत्राचें पात्र व नळ्या प्रत्येक रोग्यास नव्या लागतात, म्हणून थोड्या रक्तस्रावासाठीं हा खर्च परवडत नाहीं. किती रक्त जाण्याचा अंदाज आहे व गांठ कोणत्या जातीची वाटते, हें शस्त्रवैद्यांस शस्त्रक्रियेच्या सकाळीं नव्हे, तारीख ठरतांनाच विचारावें. यंत्र व तें चालविणारा माणूस, दोन्हीं मिळावयास वेळ लागतो.