आधी काडतूस, मग रायफल

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद पटकावलं होतं. दोघांनीही ही कामगिरी केली ती पॉइंट टू टू रायफलवर. एनसीसीच्या कॅम्पमध्ये पोटावर झोपून पहिली फैर झाडणाऱ्या मुलामुलींना माहीत असलेला बोअर हाच. एअर रायफलवर चांगले गुण मिळवू लागलेला नेमबाज पॉइंट टू टूकडे वळायचं ठरवतो, तेव्हा त्याच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो रायफलचा. कुठल्या कंपनीची घ्यावी, आणि मिळेल ते काडतूस जिच्यात चालेल अशी रायफल कोणती? प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे हवं ते काडतूस हवं तेव्हा मिळत नाही. पण या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. काडतूस अडखळल्याशिवाय भरलं जावं, सुटावं आणि रिकामी पुंगळी बाहेर यावी, हा एक. सुटलेली गोळी दर वेळी त्याच जागी लागावी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रायफलची रचना बघून देता येतं. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडत नाही. म्हणूनच निवडीचा क्रम उलटा हवा: जे काडतूस पुढची काही वर्षं खात्रीने मिळणार आहे ते आधी ठरवायचं, आणि ते ज्या नळीला मानवतं ती रायफल घ्यायची.

असं का, हे समजायला काडतूसच जवळून पाहावं लागतं. मोठ्या रायफलींच्या काडतुसात पेट देणारी टोपी बुडाच्या मध्यभागी वेगळी बसवलेली असते. पॉइंट टू टूमध्ये अशी टोपी नसते. पितळी पुंगळीच्या बुडाशी पत्रा दुमडून पोकळ किनार तयार केलेली असते. ओलसर स्फोटक रसायन पुंगळीत टाकून ती गरगर फिरवतात, म्हणजे रसायन त्या किनारीत जाऊन बसतं. रायफलची पिन या किनारीवर आपटली की पत्रा चेपतो, ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. रसायन किनारीत सगळीकडे सारखं पसरलं नसेल, किनार किंचित जाड किंवा पातळ असेल, तर पेट कमीजास्त होतो. कधी काडतूस फुसकं निघतं. गोळीही वेगळ्या घडणीची असते. तिचा व्यास पुंगळीच्या बाहेरच्या व्यासाइतकाच, फक्त मागचा भाग पुंगळीत शिरावा म्हणून थोडा बारीक केलेला. वंगणाचा थर उघड्या शिशावर बाहेरूनच दिलेला. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने या घराण्यातलं शॉर्ट काडतूस आणलं आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने लाँग रायफल. आजही स्पर्धेत वापरतात ते हेच लाँग रायफल, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमची शिशाची गोळी. पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरचे शौकीन घरी दारू तोलून आपल्या रायफलला साजेसं काडतूस बनवतात. पॉइंट टू टूवाल्याला ती सोय नाही. कारखान्यातून आलेल्या डब्यांमधून निवडणं, एवढंच त्याच्या हातात असतं.

‘सगळं चालणारी’ रायफल म्हणजे काय, हे आता नीट मांडता येईल. शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल यांच्या पुंगळीचा व्यास एकच, फक्त शॉर्टची पुंगळी आखूड. त्यामुळे लाँग रायफलसाठी कोरलेल्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याच्या जागेत, शॉर्ट बसतं आणि सुटतंही. पण आखूड पुंगळीच्या तोंडापुढे चेंबरची जी जागा मोकळी राहते तिथे जळकी राख साठत जाते, आणि मग लांब काडतूस आत अडकू लागतं. शिवाय लाँग रायफलच्या नळीतला पीळ, साधारण ४०६ मिलिमीटरला एक फेरा, शॉर्टच्या हलक्या गोळीसाठी ठरवलेला नसतो. मॅग्नमची गोष्ट निराळी. १९५९ मध्ये विंचेस्टरने आणलेलं ते काडतूस नावापुरतं याच घराण्यातलं. पुंगळी जाड आणि लांब. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये ते शिरतच नाही. उलट मॅग्नमच्या ऐसपैस चेंबरमध्ये लाँग रायफल सहज जातं आणि धोका तिथेच आहे. सैल बसलेली पुंगळी फुटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाशी येतात. ‘पॉइंट टू टू म्हणजे पॉइंट टू टूच’ असं समजून हा प्रयोग कुणीही करू नये.

एकाच लाँग रायफल नावाखालीही मंद, मध्यम आणि वेगवान काडतुसं येतात. स्पर्धेच्या काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या थोडी खाली, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. वेगवान काडतुसाची गोळी ३७५ मीटरच्या आसपास निघते, पण वाटेत तिचा वेग आवाजाच्या वेगाखाली उतरतो आणि त्या संक्रमणात ती डळमळते. सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये बोल्ट मागे ढकलण्याचं काम काडतुसाच्या जोरावरच होतं. १९६४ पासून अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या रुगर १०/२२ सारख्या रायफलीची स्प्रिंग आणि बोल्टचं वजन वेगवान काडतुसाच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. मंद काडतूस घातलं की पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकू शकते. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये बोल्ट हाताने चालतो, त्यामुळे काडतूस मंद आहे की वेगवान याने काही अडत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून निःसंकोच सांगता येतं, काडतुसांची विविधता पचवायची असेल तर बोल्ट अ‍ॅक्शनच. यालाही एक अपवाद आहे आणि तो विकत घेणाऱ्याला क्वचितच सांगितला जातो. उच्च दर्जाच्या मॅच रायफलीचं चेंबर इतकं घट्ट कोरलेलं असतं की काडतूस बसवतानाच गोळीचं टोक नळीतल्या आट्यांमध्ये किंचित रुततं. न उडवता बोल्ट ओढला तर कधीकधी गोळी नळीतच राहते आणि दारू चेंबरमध्ये सांडते. सीसीआय स्टिंगरसारखं लांबट पुंगळीचं वेगवान काडतूस अशा चेंबरमध्ये घालूच नये. म्हणजे सर्वांत महागडी रायफल सर्वांत कमी काडतुसं चालवून घेते, असंही होऊ शकतं.

दुसरा प्रश्न नेमकेपणाचा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. गोळीची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणून ५.६ मिलिमीटरच्या गोळीचा मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात पडला की झालं. आता साधा हिशेब करू. ३२५ मीटर वेगाची गोळी ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्यात साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असला तर त्या एकमेकींपासून जवळजवळ सात मिलिमीटर वर-खाली लागतात. सोळा मिलिमीटरमधले सात असे काडतुसानेच खाल्ले. नेमबाजाचा श्वास, वारा, चाप यांचा हिशेब अजून सुरूही झालेला नाही. त्यात प्रत्येक नळीची कंपनं वेगळी, चेंबरची घट्टता केसभर वेगळी, म्हणून एका रायफलीत उत्तम ठरलेलं काडतूस त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रायफलीत सुमार ठरतं. एवढंच काय, एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसाचे दोन लॉट, म्हणजे कारखान्यातल्या दोन वेगळ्या खेपा, एकाच नळीत वेगळे वागतात. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या डब्यांवर लॉट क्रमांक छापलेला असतो तो शोभेसाठी नाही. जगभरचे नेमबाज रायफल घेऊन एलीच्या बर्मिंगहॅमच्या आणि लापुआच्या जर्मनीतल्या शोनेबेकच्या चाचणी केंद्रावर जातात, रायफल चिमट्यात आवळून एकेक लॉट तपासतात आणि जुळलेला लॉट विकत घेतात.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: हे सगळं ऑलिंपिकवाल्यांचं, नवशिक्याचा हातच इतका हलतो की काडतुसाचा फरक त्यात बुडून जातो. यात तथ्य आहे. दोन वेगळ्या कारणांनी होणारा गोळ्यांचा पसारा सरळ बेरजेने वाढत नाही. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. नेमबाजाचा स्वतःचा पसारा ४० मिलिमीटर आणि काडतुसाचा २० असेल तर एकूण जेमतेम ४५ होतो. म्हणून पहिल्या वर्षी सर्वांत महाग काडतुसावर पैसे घालवू नयेत, हे मान्यच. पण त्याच नेमबाजाचा हात १५ मिलिमीटरपर्यंत स्थिरावला की तेच काडतूस एकूण २५ मिलिमीटरचा पसारा देतं आणि प्रगती तिथेच अडल्यासारखी वाटते. मुलगा आपल्या पवित्र्यात, चापात चुका शोधत राहतो, प्रशिक्षक बदलले जातात, आणि दोष डब्यातला असतो. रायफल घेतली जाते ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांसाठी. तिची परीक्षा आजच्या हातावरून करणं चूक आहे. दुसरा आक्षेप असा, की महागडं काडतूस घेतलं की प्रश्न मिटला. तसं होत नाही. महाग काडतुसात गोळ्यांचा एकसारखेपणा जास्त असतो, ही त्याची खरी किंमत. ते या विशिष्ट नळीला मानवेल याची हमी त्यात नसते. मधल्या किमतीचा जुळलेला लॉट न जुळलेल्या महागड्या लॉटवर मात करू शकतो.

तिसरा आक्षेप आपल्या परिस्थितीचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. परवान्यावर काडतुसांची संख्या नमूद असते, परदेशी काडतुसं आयात करावी लागतात, मग दहा लॉट उडवून बघणार कसे? युरोपातल्या क्लबसारखी चैन इथे नाही, हे खरं. पण याच कारणाने क्रम उलटा करण्याची गरज इथे अधिक आहे. आपल्या क्लबला वर्षानुवर्षं कोणती दोन-तीन काडतुसं नियमित मिळतात ते आधी विचारावं. रायफल नवी असो की वापरलेली, तीच काडतुसं तिच्यात घालून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. चाचणीचीही एक पद्धत आहे. काडतूस बदललं की आधीच्या वंगणाचा थर नळीत असतो, म्हणून पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजायच्या नाहीत. रायफल टेकूवर ठेवून, वारा नसताना, दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन-चार ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचे पुंजके, घ्यावेत. तीन गोळ्यांचा सुरेख ग्रुप बघून भुलू नये, तो योगायोगानेही पडतो. ग्रुपच्या बाहेर गेलेली एकटी गोळी ‘माझीच चूक’ म्हणून वगळायचा मोह टाळावा. आणि वेगवेगळ्या काडतुसांचे ग्रुप टार्गेटवर वर-खाली पडले तर घाबरायचं कारण नाही. वेगवान काडतूस ५० मीटरवर मंद काडतुसापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर वर लागणारच. तेवढी साइट फिरवून घेता येते. ग्रुपचा पसारा मात्र साइट फिरवून आवरत नाही.

जुनी रायफल घेणाऱ्याने उडवलेल्या पुंगळ्या उचलून पाहाव्यात. किनारीवर पिनेचा ठसा खोल आणि एकाच जागी असेल तर ठीक. उथळ किंवा सरकलेला असेल तर जाड किनारीचं काडतूस त्या रायफलीत पुन्हा पुन्हा फुसकं जाणार. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहण्याची सवय असलेल्या मालकाच्या रायफलीत पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पडलेली असू शकते, तीही तपासावी. काडतूस उडालं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावं, मगच बोल्ट उघडावा.

रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेट सरावाच्या पॉइंट टू टूसाठी शस्त्र कायद्याने शस्त्रांच्या संख्येच्या मर्यादेतून सूट दिली आहे, त्यामुळे पुढे दुसरी रायफल घेता येईल. पण बहुतेक घरांना एकच परवडते. ती घेताना नव्या स्टॉकवर, रंगीत अ‍ॅल्युमिनियमवर, नामवंत खेळाडूच्या हातात पाहिलेल्या नावावर पैसे मोजण्याआधी क्लबमध्ये मिळणाऱ्या काडतुसांचे दोन डबे हातात घ्या, रेंजवर जा, आणि ग्रुपच्या कागदावर काडतुसाचं नाव, लॉट क्रमांक आणि तारीख लिहून तो जपून ठेवा.