मुलाखत जपानची, तालीम दिवाणखान्यात

२०२४ चा गणेशोत्सव. आरती झाली, मोदकांचे ताट फिरले आणि आमच्या लेकीने जाहीर केले, "आई-बाबा, कॉलेज संपलं की मी जपानला इंग्रजी शिकवायला जाणार."

आम्ही उभयता एकमेकांकडे पाहत राहिलो. चार वर्षे बायॉलॉजी शिकलेली मुलगी, पुढे मेडिकलला जाईल, निदान एम.एस. तरी करील, असा आमचा हिशेब. त्यात जपान कुठेच नव्हता. पण पोरीने सगळी माहिती आधीच काढून ठेवली होती.

जपान सरकारची ‘जेट’ नावाची योजना १९८७ पासून चालू आहे. निरनिराळ्या देशांतल्या पदवीधर तरुणांना तिथल्या शाळांत भाषेचे सहायक शिक्षक म्हणून नेतात. करार एक वर्षाचा, तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. पदवी कोणत्याही विषयाची चालते. बी.एड. लागत नाही, जपानी येण्याचीही सक्ती नाही. मात्र ज्या देशातून अर्ज करायचा त्याचे नागरिकत्व हवे.

तिने आधी दक्षिण कोरियाचीही चौकशी केली होती. तिथल्या ‘एपिक’ योजनेत सात देशांचे नागरिक घेतात: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्या यादीत नाही. (शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयांसाठी २०१० च्या व्यापार कराराने एक वेगळी वाट काढून दिली आहे, इतकेच.) सांगलीकडे हायस्कुलात वीस वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या ताईला हे फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "म्हणजे मी एवढी वर्षं काय मोडी शिकवत होते?"

ताईचे बोलणे आम्हाला जरा लागलेच. १९९९ साली आम्ही एम.एस.साठी इथे आलो, तेव्हा टीचिंग असिस्टंटशिप मिळण्याआधी ‘स्पीक’ नावाची परीक्षा द्यावी लागली होती. समोर माणूस नाही, टेपरेकॉर्डर. त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे. गुण साठांपैकी, पास व्हायला पन्नास हवेत. आम्हाला मिळाले पंचेचाळीस. पुढच्या सेमिस्टरला पुन्हा बसलो तेव्हा कुठे सुटलो. ज्या घरातला बाप इंग्रजी बोलण्यात नापास झाला, त्याच घरातली मुलगी इंग्रजी शिकवायला निघाली होती!

जानेवारीत पत्र आले. मुलाखत फेब्रुवारीत, शिकागोच्या जपानी कॉन्सुलेटमध्ये. मग आमच्या दिवाणखान्यात तालमी सुरू झाल्या. आम्ही टाय लावून टेबलापलीकडे बसलो, सौ. शेजारी. मुलाखतीत कधी कधी "आम्ही मुलं आहोत असं समजून शिकवा" म्हणतात, असे लेकीने ऐकले होते. तेव्हा सौ. म्हणाली, "आम्ही जपानातली पाचवीतली मुलं. आम्हाला हॅलोवीन शिकव."

लेक सुरू झाली. भोपळे, मुखवटे, कँडी, तीन मिनिटे अखंड. सौ.ने शांतपणे विचारले, "यातला एक तरी शब्द मला बोलता आला का?"

आमची सौ. दर रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत शिकवते. इथे जन्मलेल्या मुलांना "हा चेंडू आहे" एवढे म्हणायला लावण्यासाठी तिला किती वेळा चेंडू टाकावा लागतो, ते आम्ही पाहिले आहे. तिने लेकीला तेच दाखवले. शब्द चारच घे. वस्तू हातात धर. एकदा तू म्हण, मग त्यांना म्हणू दे. आणि प्रश्न विचारल्यावर थांब. ती शांतता तूच भरून काढू नकोस. लेकीने पुन्हा शिकवले तेव्हा आम्ही दोघेही "पम्पकिन, पम्पकिन" म्हणत होतो.

मग आमची पाळी. जेटमध्ये जाऊन आलेल्यांना हमखास विचारला गेलेला एक प्रश्न आम्ही काढला. "वर्ग जपानी शिक्षकाचा, तुम्ही त्याच्या मदतीला. त्याने फळ्यावर चुकीचं इंग्रजी लिहिलं. तुम्ही काय कराल?"

"सांगेन की! त्यासाठीच तर मला बोलावलंय ना."

आम्ही गप्प झालो. मग विचारले, "तुझी तिसरीतली पॅरेंट-टीचर मीटिंग आठवते?"

तिला आठवत नव्हती. आम्हाला आठवत होती. आम्ही तिच्या बाईंना काहीतरी विचारत होतो, त्यात ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द आला. आपण सगळे म्हणतो तसा, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. आठ वर्षांची आमची कन्या बाईंकडे पाहून हसली आणि म्हणाली, "बाबा, डेव्हलपमेंट नाही, डिव्हेलपमेंट!" बाईही हसल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण पुढचे सगळे प्रश्न सौ.नेच विचारले. त्यानंतर दोन वर्षे आम्ही काही ना काही कारण काढून त्या मीटिंगला गेलो नाही.

हे आम्ही घरात कधीच बोललो नव्हतो. सौ.लासुद्धा ते ‘ऑफिसचे काम’च वाटत होते. लेक बराच वेळ खाली मान घालून बसली. त्या दिवशी पुढे तालीम झाली नाही.

मुलाखतीच्या दिवशी इंडियानापोलिसहून पहाटेच निघालो. आय-६५ वरच्या पवनचक्क्या धुक्यात होत्या. गाडीत कोणी फार बोलले नाही. वीस मिनिटांत ती बाहेर आली. समोर तिघे होते. जपानच का, खेड्यात एकटी राहशील का, एवढे विचारून झाल्यावर तोच प्रश्न आला.

"मग काय सांगितलंस?" आम्ही विचारले.

"म्हटलं, वर्गात काही बोलणार नाही. तास संपल्यावर दोघंच असताना सांगेन, तेही विचारल्यासारखं. मुलांचा त्यांच्यावर विश्वास राहायला हवा. मी वर्षा-दोन वर्षांनी परत येणार, ते तिथेच शिकवत राहणार." थोडे थांबून ती म्हणाली, "त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरी."

आम्ही गाडीच्या किल्ल्या शोधू लागलो. त्या हातातच होत्या.

एप्रिलमध्ये निवड कळली, पुढे गावही कळले. शिकोकू बेटावरचा कोची प्रांत. ताई फोनवर म्हणाली, "कोची ना? मग सोपं आहे, केरळात तर आहे!" ऑगस्टमध्ये लेक गेली. सामानात सौ.ने कापडी चेंडू घातला होता.

आपल्या मंडळातली कोणी मुलेमुली अर्ज करणार असतील, तर आमचा अनुभव सांगतो. अर्ज शरद ऋतूत, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, रवानगी उन्हाळ्यात. गाव आपल्या पसंतीचे मिळेलच असे नाही, तेव्हा "टोकियोच हवे" म्हणून अडून बसू नये. ॲक्सेंटची काळजी नको. इंग्रजी येते हे अर्जावरूनच कळते, मुलाखतीत पाहतात ते न येणाऱ्याशी तुम्ही कसे वागाल, हे. मराठी शाळेत दोन रविवार मदत केली असेल तर ते जरूर सांगा. आणि तालमीला आईबाबांना बसवा. त्यांना इंग्रजी येत नसले, किंवा कधी काळी पंचेचाळीस गुण मिळाले असले, तर फारच उत्तम!