खारं पाणी म्हणजे समुद्र नव्हे : मासे-झिंग्यांना पूरक कधी, किती, कसं?



शेततळ्यात मासे सोडलेल्या सभासदांकडून सध्या एकच प्रश्न वारंवार येतो : "दुकानदार व्हिटॅमिन-मिनरलची बाटली देतो, तळ्यात ओतू का?" दुसरा प्रश्न भातकुली-दर्यापूरकडचा : "आमच्या बोअरचं पाणी खारंच हाय, मग समुद्रातला झिंगा जमंल का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. पाण्यात काय आहे, खाद्यात काय आहे आणि नेमकं काय कमी आहे, हे आधी कळलं पाहिजे. पूरक फक्त ती उणीव भरण्यासाठी असतं. मेसेज जरा लांब आहे, पण पैसे खर्च करण्याआधी पूर्ण वाचा.

*१) आपलं खारं पाणी वेगळं आहे*
समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियमसोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम ठरावीक प्रमाणात असतं. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचं पाणी चवीला खारं लागतं, पण त्यात क्षार समुद्राच्या मानानं बरेच कमी आणि त्यांचं प्रमाणही वेगळं. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात बहुधा पोटॅशियम कमी पडतं. झिंग्याला नेमकं तेच लागतं. ते कमी असलं की झिंगा आखडतो, अंग पांढुरकं पडतं आणि कात टाकताना मरतो. महागडं खाद्य देऊनही हे थांबत नाही.

हरियाणात रोहतकजवळ लाहली इथं केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथं अशाच जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियमची भर घालून झिंगा वाढवून दाखवला गेला. म्हणजे काम होतं, पण पाणी तपासून.

*२) पाण्यात काय, खाद्यात काय?*
समुद्रातला मासा पाणी पितो, कारण बाहेरचं पाणी त्याच्या रक्तापेक्षा खारट असतं. आपल्या तळ्यातल्या रोहू-कटल्याचं उलट आहे. लिटरला २-३ ग्रॅम क्षाराचं पाणी त्याच्या रक्तापेक्षा कमी खारट, म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही. मग पाण्यात ओतलेलं व्हिटॅमिन त्याच्या पोटात जाणार कसं? ते शेवाळ आणि जंतू खातात, पाणी बिघडतं आणि पहाटे ऑक्सिजन कमी पडतो. बाटलीचे पैसे गेले ते गेले, वरून मासेही जातात.

लक्षात ठेवा : *पोटॅशियम, मॅग्नेशियमसारखी खनिजं पाण्यातून मिळतात (झिंग्याला तर ती पाण्यातच पाहिजेत). व्हिटॅमिन, तेल आणि फॉस्फरस खाद्यातूनच.*

*३) पोटॅशचा हिशेब*
समुद्राच्या प्रमाणानं दर १ ग्रॅम क्षारामागे सुमारे ११ मिलिग्रॅम पोटॅशियम पाहिजे. उदाहरण घ्या. पाण्यात लिटरला ३ ग्रॅम क्षार, म्हणजे पोटॅशियम हवं ३३ मिलिग्रॅम. रिपोर्टमध्ये आलं १३. तूट २० मिलिग्रॅम. ३०×३०×३ मीटरचं तळं पूर्ण भरलं तर सुमारे २२ लाख लिटर पाणी बसतं. त्याला ४४ किलो पोटॅशियम लागेल. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये निम्मं पोटॅशियम धरा, म्हणजे ८८ किलो खत. हे एकदम टाकायचं नाही. पाण्यात विरघळवून, थोडं थोडं, काही दिवसांत विभागून द्यायचं. प्लास्टिक नसलेल्या तळ्यात काळी माती बरंच पोटॅश धरून ठेवते, म्हणून नंतर पुन्हा तपासणी करा.

पाणी तपासायला देताना "पोटॅशियम आणि मॅग्नेशियमपण तपासा" असं सांगून द्या. सिंचनाच्या साध्या रिपोर्टात पोटॅशियम बरेचदा नसतं.

*४) खाद्यात पूरक कधी?*
🔹 चांगल्या कंपनीचं ताजं गोळी खाद्य असेल तर त्यात व्हिटॅमिन-मिनरल आधीच असतं. वरून रोज घालायची गरज नाही.
🔹 पण आपल्याकडचा मे महिना! टिनाच्या शेडमध्ये पडलेल्या पोत्यातलं व्हिटॅमिन सी उष्णतेनं लवकर उडतं. पोत्यावरची तारीख पाहा, सावलीत ठेवा, महिनाभर पुरेल एवढंच आणा. व्हिटॅमिन सी कमी पडलं की माशाचा कणा वाकडा होतो, जखम भरत नाही.
🔹 घरचं ढेप-कोंडा खाद्य असेल तर मिनरल मिक्श्चर पाहिजेच. १० किलो खाद्याला १०० ग्रॅम. ५०० किलो माशांना दिवसाला १० ते १५ किलो खाद्य लागतं, म्हणजे १०० ते १५० ग्रॅम मिक्श्चर. माशासाठी बनवलेलंच घ्या, गाई-म्हशीचं नको.
🔹 सरकीची ढेप बेताचीच. त्यातलं गॉसिपॉल माशाला जास्त झालं तर बाधतं. सोयाबीन किंवा शेंगदाण्याची ढेप बरी.

*५) लावायची पद्धत*
समुद्री मासे घरी टाकीत ठेवणारे लोक खाद्य आधी व्हिटॅमिनच्या थेंबात भिजवतात, मगच टाकीत टाकतात. आपणही तेच करायचं, फक्त मोठ्या प्रमाणात. त्या दिवसाचंच खाद्य मोजा. पूरक पाकिटावरच्या प्रमाणात थोड्या पाण्यात विरघळवा, खाद्यावर शिंपडा आणि हलवा. मग थोडं माशाचं तेल चोळा, म्हणजे पूरक पाण्यात धुऊन जात नाही. अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी संपवा.

*६) हे करू नका*
❌ पहाटे मासे वर तोंड करून हवा घेत असतील तर पूरक देऊ नका. खाद्य बंद, मोटर किंवा एरेटर चालू.
❌ झिंग्याचं बी थेट तळ्यात सोडू नका. आधी आपल्याच पाण्याच्या टबात थोडं बी दोन दिवस ठेवून पाहा. जगलं तरच पुढं.
❌ मत्स्यव्यवसाय विभागाला विचारल्याशिवाय झिंगा आणू नका.
❌ तळ्याचं खारं पाणी शेजाऱ्याच्या वावरात किंवा नाल्यात सोडू नका. काळ्या जमिनीत सोडियम एकदा बसलं की ती कडक होते, निचरा थांबतो. माशाचे पैसे एका हंगामाचे, जमीन पिढ्यांची.

ज्यांनी तळ्यात मासे सोडले आहेत त्यांनी आधी पाण्याचा रिपोर्ट काढा. रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाका, किती काय टाकायचं तो हिशेब आपण मिळून करू. बाटली त्यानंतर घ्या.

आपलीच,
शेतकरी उत्पादक कंपनी, बडनेरा