हायलायटर लावला, पण गालावर पट्टाच दिसला? चूक ब्रशची असू शकते

लग्नसराईनंतर फोनची गॅलरी चाळताना असा एखादा फोटो हमखास सापडतो. साडी, दागिने, केस सगळे झकास, पण फ्लॅश पडला आणि गालावर चंदेरी पट्टा उमटला. घरातल्या आरशात तर सगळे ठीक दिसत होते! मग दोष हायलायटरला दिला जातो आणि आणखी महागडी डबी घरात येते. खरे तर अनेकदा ब्रश बदलला तरी काम भागते.

पट्टा का दिसतो?

बहुतेक पावडर हायलायटरची चमक अभ्रकाच्या अतिशय बारीक चकत्यांमधून येते. त्या विरळ पसरल्या, तर गाल नैसर्गिकरीत्या उजळ वाटतो. एकाच जागी दाटल्या, तर फ्लॅशचा प्रकाश आरशासारखा परत फेकतात. मुरुमांचे खड्डे आणि मोठी रंध्रेही मग जास्त उठून दिसतात. म्हणजे पावडर किती पडते आणि किती जागेवर पडते, यावर सगळे अवलंबून आहे. फाउंडेशनचा दाट, सपाट ब्रश भरपूर रंग उचलून चेहरा झाकण्यासाठी बनवलेला असतो. घरात तोच आहे म्हणून हायलायटरलाही तोच वापरला, की पट्टा ठरलेलाच.

कोणता ब्रश घ्यावा?

पावडरसाठी मऊ, विरळ केसांचा आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला ब्रश सर्वात सोयीचा. त्याचा झुपका साधारण अंगठ्याएवढा रुंद असावा, म्हणजे चमक गालाच्या वरच्या हाडापुरतीच राहते. पंख्यासारखा पसरलेला फॅन ब्रश पावडर कमी उचलतो. त्यामुळे ‘जास्त झाले’ ही भीती असलेल्या नवख्या हातांना तो चांगला. मात्र स्वस्त संचातले फॅन ब्रश अनेकदा इतके ताठ असतात, की चमक लागण्याऐवजी रेघा उमटतात. बारा ब्रशचा संच घेण्यापेक्षा त्याच पैशात एक चांगला निमुळता ब्रश घेणे केव्हाही बरे. नाकाचा शेंडा, वरच्या ओठाची कमान आणि डोळ्यांचा आतला कोपरा यांसाठी तर आयशॅडोचा स्वच्छ, छोटा ब्रशही पुरतो.

क्रीम किंवा लिक्विड हायलायटरचे गणित उलटे आहे. तिथे आखूड, दाट आणि सिंथेटिक केसांचा ब्रश लागतो. प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. त्यात पावडर छान धरली जाते, पण ओले प्रसाधनही शोषले जाते आणि वाया जाते. जपानमधल्या हिरोशिमा प्रांतातील कुमानो हे गाव हाताने बनवलेल्या ब्रशसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मेकअपच्या ब्रशसाठी बकरीचे केस आजही वापरले जातात. रोजच्या वापराला मात्र चांगला सिंथेटिक ब्रश पुरेसा असतो. तो धुवायला सोपा आणि वाळतोही लवकर. क्रीम लावताना ब्रश घासू नका, टेकवत टेकवत लावा. घासले तर खालचे फाउंडेशन सरकते. आणि क्रीम नेहमी पावडरच्या आधी लावा, नाहीतर चट्टे पडतात.

दुकानात काय पाहाल?

ब्रश गालावर फिरवून पाहता आला तर उत्तम, नाहीतर मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवा. टोचला, तर किंमत कितीही कमी असो, ठेवून द्या. केस हलकेच ओढून पाहा. एखाददुसरा गळाला तर चालेल, पाच-सहा हातात आले तर नको. केस आणि दांडी जोडणारी धातूची पट्टी हलत नाही ना, तेही तपासा.

वापरताना पावडर घेतली, की ब्रश डबीच्या कडेवर एकदा आपटा आणि मगच गालाला लावा. सौम्य शाम्पूने आठवड्या-दहा दिवसांनी तो धुवा. धुताना केस खाली ठेवा, कारण धातूच्या पट्टीत पाणी शिरले की आतला गोंद सुटतो. वाळायलाही तो उभा न ठेवता आडवा ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, तो रात्रभरातही वाळत नाही. ओलसर ब्रश पावडरीत बुडवला, तर डबीवर कडक पापुद्रा धरतो. तसे झालेच, तर सेलोटेपचा तुकडा चिकटवून तो पापुद्रा उचला, खालची पावडर वापरण्याजोगी असते.