फेट्याखालची जखम



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. आजचा विषय उसाचा नाही, ऊस पिकवणाऱ्याच्या डोक्याचा आहे.

ऊस नोंदीसाठी फिरताना आम्हाला खडकवासल्याचे एक वयोवृद्ध सभासद भेटले. घर धरणाजवळ, जमीन खाली कालव्यावर. घाम पुसायला त्यांनी फेटा काढला आणि टाळूवर रुपयाएवढी जखम दिसली. विचारलं तर म्हणाले, "साहेब, पोरपणी गुऱ्हाळावर काहिलीतला रस उडून भाजलं हुतं, त्योच वण हाय. वरीस झालं, खपली धरती, पुन्हा वाहती. दुखत न्हाई, मग दवाखाना कशाला?" हळद, खोबरेल, मलम, सगळं करून झालं होतं. आम्ही म्हटलं, "आबा, दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. उद्या पुण्याला चला." तपासणीत कातडीचा कॅन्सर निघाला.

भाजल्याच्या जुन्या वणावर असा कॅन्सर होऊ शकतो. फ्रान्सचे शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८ साली अशा जखमांचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव या रोगाला मिळाले. भाजल्यापासून रोग दिसेपर्यंत सरासरी सुमारे ३० वर्षे जातात. गोऱ्या लोकांच्या देशांत कातडीचा कॅन्सर मुख्यतः उन्हाने होतो. आपल्या सावळ्या रंगाने उन्हापासून बरेच संरक्षण मिळते. पण वणाच्या बाबतीत हा रंग कामाला येत नाही. ज्यांचे केस व कातडी जन्मतःच पांढरी आहे, त्यांनी मात्र उन्हात डोके कायम झाकावे. टक्कल असणाऱ्यांनीही टोपी विसरू नये.

ओळखायचे कसे? तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, उचललेल्या व कडक कडा, हात लागताच रक्त, दुर्गंधी, किंवा वणावर वाढणारी गाठ. यांपैकी एकही खूण दिसली तर डॉक्टर जखमेचा छोटा तुकडा काढून तपासतात. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो," असं गावोगाव ऐकू येतं. हा गैरसमज आहे. पसरतो तो वेळ घालवल्याने.

मुख्य उपाय शस्त्रक्रिया. काणी लागलेल्या उसाचा नुसता चाबूक छाटून भागत नाही, सबंध बेट मुळासकट काढावे लागते. तसेच इथे जखमेभोवतीची काही निरोगी कातडीही काढतात आणि कडेला रोग उरला नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मानेतल्या गाठीही तपासतात. रोग कवटीपर्यंत गेला असेल तर हाडाचा वरचा थर काढावा लागतो. गरजेप्रमाणे नंतर किरणोपचार देतात.

पुढे प्रश्न येतो खड्डा झाकण्याचा. डोक्याची कातडी घट्ट असते, फारशी ताणत नाही. हाडावरचे पातळ आवरण शाबूत असेल तर मांडीची पातळ कातडी तिथे रुजते. उघड्या हाडावर मात्र ती धरत नाही. मग शेजारची कातडी एका बाजूला देठ ठेवून सोडवतात आणि खड्ड्यावर वळवतात. देठातून रक्त मिळत राहते, म्हणून ती जगते.

ही विद्या आपल्या पुण्याला नवी नाही. कावसजी हा मराठी शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक कापले. पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी देठासह खाली वळवून नवे नाक बसवले. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापली गेली, आणि १८१४ साली कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने लंडनमध्ये तीच पद्धत वापरली.

आबांच्या डोक्यावरही शेजारची कातडी वळवली आणि तिच्या मोकळ्या जागेवर मांडीची लावली. तिथे केस येणार नाहीत. पण आबा पुन्हा बांधावर उभे राहतात आणि ठरल्या वेळी तपासणीला जातात. असा रोग परत येऊ शकतो, म्हणून ती तपासणी चुकवू नये. वर्षभर थांबले नसते तर जखम लहान असतानाच काम उरकले असते, हे ते स्वतःच सांगतात.

खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन योजनेतील रुग्णालयात चौकशी करावी.

काहिलीने, पाचटाच्या जाळाने किंवा चुलीने भाजलेला वण घरात कुणाच्या अंगावर असेल, तर आज उजेडात नीट पाहा. माउलींच्या पदराखाली आणि म्हाताऱ्यांच्या फेट्याखालीसुद्धा. फडातलं काणीचं बेट आपण दुसऱ्या दिवसावर टाकत नाही. ही जखमही टाकू नका.

— ऊसविकास अधिकारी